राजाच्या नाकावरची खाच

मी अनसूयाबाईला फसवलं, आणि शालूताई, तुम्ही मला फसवलं.

हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की कौसल्याने आधी हार घातला आणि मग चिमटा काढला. तुमच्या मीराने शाळेच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत. "मावशी, आईच्या चांगल्या आठवणी लिहा," म्हणाली. चांगल्या आठवणी लिहायला तुमच्या वर्गातून गेलेल्या पोरी पुष्कळ आहेत. कोणी मास्तरीण झाली, कोणी नर्स झाली. त्यांना तुम्ही इतिहास शिकवलात. मला तुम्ही अडकवून गेलात. तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. आज लिहायला बसले आहे. राग आहे म्हणून, आणि भीती आहे म्हणून.

आपली ओळख एका सराट्यावरून, भाकरी उलटायच्या उलथन्यावरून झाली, आठवतं ना? तेव्हा माझं दिग्रसला दुकान नव्हतं. डोक्यावर भांड्यांचं टोपलं घेऊन मी दारव्ह्याच्या गल्ल्यांतून फिरायची. जुने कपडे घ्यायचे, भांडं द्यायचं. तुम्ही तीन पातळं आणून माझ्यापुढे ठेवलीत आणि म्हणालात, "तुला पटेल ते दे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी टोपलं उचललं.

"बाई, भाव न करता देल्लेलं मी घेत नाई. भीक मांगाले नाई आली मी."

तुम्ही दारात उभ्या राहून माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "बरं. तीन पातळांवर भात शिजवायचा मोठा गंज दे."

"गंज? या विरलेल्या चिंध्यावर गंज? डोस्कं जाग्यावर आहे ना तुमचं?"

"आता कशी बोललीस! चल, मग काय देतेस?"

अर्धा तास भांडून तुम्ही एक सराटा घेतलात. तेवढ्यात गंज मिळाला असता, इतकं वाईट भांडलात. पण भांडलात. पगारदार बाया माझ्याशी एक तर दया करून बोलायच्या, नाही तर दार लावून घ्यायच्या. तुम्ही दोन्ही केलं नाही. पुढे दर महिन्याला तुम्ही माझ्याशी भाव करायच्या आणि दर महिन्याला हरायच्या. तुमच्या स्वयंपाकघरात अकरा सराटे होते, ताई. मीरा मला ते दाखवून रडली.

मग जुन्या चांदीचं सुरू झालं. गावोगावच्या बाया मोडकी तोरडी, तुटके वाळे माझ्याकडे टाकून भांडी नेतात, हे तुम्हाला कळल्यावर तुम्ही एकच मागणं मागितलंत: "त्यात नाणं आलं, तर गाळायला देण्याआधी मला दाखव." मी दाखवायला लागले. तुम्ही गवती चहा ठेवायच्या, खिडकीजवळ टेबल ओढायच्या, भिंग काढायच्या. सातवीत सुटलेली माझी शाळा त्या खिडकीत पुन्हा भरली. ही रेघ कसली, ही अक्षरं कोणाची, हा चेहरा उजवीकडे का पाहतो. एकदा तुम्ही जाड पुस्तकातलं रोमच्या चांदीच्या नाण्याचं चित्र दाखवलंत. अंगठ्याच्या नखाएवढं, जाड, कडा वाकड्यातिकड्या. म्हणालात, असली नाणी जहाजातून आपल्या देशात आली, व्यापाऱ्यांबरोबर आत आत सरकली, आणि अजून कुठे कुठे निघतात. मी ते चित्र डोळ्यांत ठेवून घेतलं. माल डोळ्यांत ठेवायची मला सवयच आहे.

त्या डोळ्यांनी मी पहिलं काम काय केलं, तर अनसूयाबाईला लुबाडलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अनसूयाबाई घाटंजीच्या पुढे एका लहान गावात राहते. कोरडवाहू वावर, थोडी तूर, थोडी कापसाची पराटी. ती किसनरावांची दुसरी बायको. पहिली बाळंतपणात गेली. आमच्याकडे रीत आहे की पहिली वारली की दुसरीने तिच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा. टाक म्हणजे चांदीचा लहान पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, सणाचा घास आधी टाकाला दाखवायचा. सवत रुसू नये, लेकरांवर तिची नजर गोड राहावी, म्हणून. अनसूयाबाईने तो टाक चाळीसेक वर्षं गळ्यात वागवला.

चार वर्षांपूर्वी मी तिच्या ओट्यावर बसले होते आणि ती पाणी द्यायला वाकली. टाक पुढे लोंबला. तो पत्रा नव्हता. जाड होता, अंगठ्याच्या नखाएवढा, वर कडी डाखलेली. त्यावर एक बाई खुर्चीत बसलेली, एका हातात उंच काठी, दुसऱ्या हातात डहाळी. कुण्या सोनाराने टाक घडवायचे कष्ट वाचवले होते आणि हाती आलेल्या जुन्या नाण्याला कडी लावून किसनरावांच्या हवाली केलं होतं. तुमचं पुस्तक माझ्या डोळ्यांपुढे उघडलं.

"बुढा म्हणे, गिरजा वावरातून तुरीची डहाळी घिऊन आली अन् खुर्चीत बसली," अनसूयाबाई कौतुकाने सांगत होती. "जितेपनी कधी खुर्चीत बसली नाई बिचारी."

"आता कायले वागवतं वं सवतीले?" मी म्हणाले. "बुढा गेला, सवत सुटली. त्यापेक्षा कोठी घे. तुरीले कीड नाई लागत स्टीलच्या कोठीत."

ती नाही नाही म्हणत होती. तेव्हा मी म्हणाले, चांदीचं आहे का ते तरी पाहू. पिशवीतून छिन्नी काढली आणि नाण्याच्या दुसऱ्या बाजूला, राजाच्या चेहऱ्यावर, एक घाव घातला. ती छिन्नी सकाळीच पाण्याच्या एका तांब्याच्या गुंडावर चालली होती. पात्याला चिकटलेले लाल कण खाचेत बसले. मी ते पाहिले. ते कुठून आले हेही मला त्याच क्षणी कळलं. आणि मी नाणं तिच्यापुढे धरून म्हणाले, "पाह्य. आत तांबं आहे. वरून नुसता मुलामा."

तिने खाचेकडे फार वेळ पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या किसनरावांच्या फोटोकडे.

"निवळ चांदी हाय म्हणे ना हा."

"म्हणला असन. सोनारानं त्याले गंडवलं, नाई तं त्यानं तुले."

हे मी हसत म्हणाले. त्या वाक्याची गरज नव्हती, ताई. सौदा आधीच झाला होता. तिने गळ्यातला दोरा सोडायला हात मागे नेला होता. पण जिंकल्यावर एक जास्तीचा टोला मारायची माझी खोड आहे आणि तो टोला मी मेलेल्या माणसाला मारला.

कोठी मात्र चांगली दिली. झाकणाची, दोन माणसांनी उचलायची. हे लिहिते आहे कारण चार वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले.

दुसऱ्या दिवशी ते नाणं तुमच्या टेबलावर ठेवलं तेव्हा तुमचा चेहरा कसा झाला होता! चहा ओट्यावर उकळून सांडला तरी तुम्ही उठला नाहीत. मग तुम्ही नाणं उलटं केलंत.

"कौसल्ये! हे काय केलंस? नाकावर?"

"तपासलं."

"दोन हजार वर्षं हा माणूस नाकासकट राहिला गं. समुद्र ओलांडून आला. आणि तुझ्या हाती लागला."

मी म्हटलं, राजा असला तरी माल तपासावाच लागतो. तुम्ही भिंगाखाली त्याच्या मानेवरचा एक लहान, झिजलेला टोचा दाखवलात. माझ्याआधी कधी तरी, कोणी तरी आपल्याच देशातल्या व्यापाऱ्याने मारलेला. "हा तुझ्याच धंद्यातला," तुम्ही म्हणालात. "यालाही राजाच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता. पण बघ, कडेला टोचलंय. माणसात लाज होती."

त्या दुपारी तुम्ही मला नाणं वाचून दाखवलंत. राजाच्या डोक्यावर पानांचा मुकुट, तो जिंकून आलेल्याचा. भोवतीच्या अक्षरांत लिहिलेलं की हा राजा देवाचा मुलगा. आधीच्या राजाला मेल्यावर देव ठरवलं होतं, त्याचा हा दत्तक मुलगा.

"म्हणजे बापाले देव केलं, अन् आपण फुकटात देवाचं पोट्टं झाला?"

"अगदी बरोबर."

"हे तं आमच्या बाजारातल्या पाटीसारखं झालं. अमुक आणि सुपुत्र, जुनी विश्वासू पेढी."

तुम्ही इतक्या हसलात की भिंग खाली ठेवावं लागलं. मग नाणं फिरवलंत. खुर्चीतली बाई. कोणी म्हणतं ती राजाची आई, कोणी म्हणतं ती शांतीची देवी, हातात तिकडच्या झाडाची फांदी. राजाला दोन्ही चालत होतं. देवीला हात जोडणारा आईलाही जोडतो आणि आईमागे राजा उभा असतोच. मी विचारलं, तिच्या भोवती लिहिलंय ते तिचं नाव का?

"नाही. राजाचाच किताब. सगळ्यांत मोठा पुजारी तो, असं लिहिलंय."

"बाईच्या भोवती पण नाव त्याचंच!"

"म्हणून तर विचारते, हिचं नाव काय?"

"कोणाचं? राजाच्या आईचं?"

"नाही गं. जिच्या नावाचा हा टाक आहे तिचं."

मला आठवेना. अनसूयाबाईने ओट्यावर सांगितलं होतं, पण मी तेव्हा कोठीच्या मापाचा विचार करत होते. तुम्ही सुई घेतलीत, खाचेतला लाल कण टोकाने उचलून पांढऱ्या कागदावर ठेवलात. उरलेले कण पुसले आणि खाच पुन्हा भिंगाखाली धरलीत. आत पांढरं शुभ्र होतं. तुम्ही म्हणालात, हे तांबं नाण्याच्या आतलं नाही, वरून आलंय. या राजाच्या काळची चांदी चोख होती, म्हणून तर आपल्या लोकांनी ती घेतली. मग भिंग ठेवून विचारलंत, "काय सांगितलंस तिला?"

तुमच्याशी खोटं बोलायचं मला तेव्हा सुचलं नाही. सगळं सांगितलं, हसत मारलेल्या टोल्यासकट. तुम्ही कापसाच्या डबीत नाणं ठेवलंत, डबी कपाटात ठेवलीत आणि किल्ली कमरेला लावलीत.

"तुला परत मिळेल. पण तिच्या ओट्यावर. आपण दोघी जाऊ. मी शेजारी बसते, बोलायचं तू."

"ही चोरी हाय, ताई."

"हो," तुम्ही म्हणालात. "दोन चोऱ्या झाल्या."

त्यानंतर चार वर्षं आपण भांडलो. मी म्हणायचे, पेन्शनवाल्यांना खरं बोलायला काय जातं! तुमचं खरं बोलणं घरात बसून होतं. माझं चाळीस गावांत पसरतं. कौसल्या म्हणाली चांदी, तर चांदी. कौसल्या म्हणाली हिणकस, तर हिणकस. बाप नाही, नवरा नाही, शिक्षण नाही. ह्या जिभेवर मी टोपल्यापासून दुकानापर्यंत आले. एका ओट्यावर ती खोटी पडली की चाळीस ओटे बंद. तुम्ही ऐकून घ्यायच्या. एकदा मात्र म्हणालात, "राजाने चेहरा कशाला छापला? लोकांनी दर वेळी तपासू नये म्हणून. चाळीस गावांत तुझा चेहरा तसाच चालतो. अनसूयाबाईने खाच पाहिली नाही, तुझ्याकडे पाहिलं. आता सांग, मुलामा कुठे होता?"

मी चहा अर्धा टाकून निघून आले होते.

जायचं मात्र मी टाळत गेले. कधी सोयाबीनचा हंगाम, कधी लग्नसराई, कधी माझे गुडघे. तुम्हीही दम लागतो म्हणून थांबायच्या. तुम्ही जाण्याच्या आठवडाभर आधी मी शेवटची आले तेव्हा तुम्ही पायऱ्या चढताना दोनदा थांबलात. मी विचारलं, टाक कुठे आहे? तुम्ही कपबशीकडे पाहत म्हणालात, "कपाटात." मग विषय बदलून बाराव्या सराट्याचा भाव करायला लागलात. तो मी दिला नाही. म्हटलं, ताई, अकरा आहेत, बारावा कायले? आता वाटतं, देऊन टाकायला हवा होता, फुकट.

आणि तुम्ही गेलात. तुमच्या घरी आले, तुम्हाला पांढऱ्या कपड्यात ठेवलं होतं, तथागतांच्या फोटोपुढे मेणबत्ती होती, तुमच्या पोरी रडत होत्या, मीही रडत होते. आणि माझं लक्ष कपाटाकडे होतं. किल्ली आता कोणाकडे, हे मी रडता रडता शोधत होते. तुम्हाला ते दिसलं असेल तर बरंच झालं. तुम्हाला माझं काहीच नवीन नव्हतं.

परवा शुक्रवारी अनसूयाबाई माझ्या दुकानात आली.

पितरांचा पंधरवडा. या दिवसांत नवं भांडं कोणी घेत नाही. दुकानात एक गिऱ्हाईक नव्हतं, म्हणजे मला सबबही नव्हती. ती पायरीवर टेकली, पाणी प्याली. पदर सरकला आणि मला टाक दिसला. तिच्या गळ्यात. खुर्चीतली बाई बाहेर, राजा आत कातडीला लागून.

"मास्तरीणबाई गेल्या म्हनते."

"हो."

"लय धाप लागे त्याईले. महिना झाला, जीपनं आल्या होत्या. एकट्याच. ओट्यावर बसल्या अन् हे माह्या गळ्यात घालून देल्लं. म्या म्हटलं, बाई, हे तं कोठीवर गेलतं. थ्या म्हने, कोठी तुहीच, टाक बी तुहाच. गिरजाचं सारं इचारलं मले. कशी होती, कशी बोले. इतक्या वर्सांत कोनं नाई इचारलं."

मी मनात दिवस मोजले. महिन्यापूर्वी. म्हणजे तुम्ही "कपाटात" म्हणालात तेव्हा डबी रिकामी होती. उभ्या आयुष्यात तुम्ही एकदा खोटं बोललात, आणि ते माझ्याशी.

"म्या इचारलं, चांदीचं हाय का तांब्याचं?" अनसूयाबाई म्हणाली. "तं म्हने, जिनं कापलं थेच सांगन. कौसल्या येनार हाय तुयाकडं. म्हून म्या वाट पाह्यली. तू नाई आली, तं म्याच आली."

मग तिने जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं, ताई. तुम्हाला तिच्या ओट्यावर कळलं असणार. माझा तो हसत मारलेला टोला तिने चार वर्षं खरा धरला होता.

"बुढ्याच्या नावानं पान नाई वाढू देल्लं म्या तवापासून. पोरगा भांडला माह्याशी. म्या म्हटलं, ज्यानं मेल्या बाईच्या नावानं तांबं देल्लं, अन् मले चांदी म्हनून सांगतलं, त्याले कायले वाढू? अष्टमीले तिथी हाय त्याची. पोरगा पुन्हा इचारून राह्यला. सांग आता. वाढू का नोको?"

चांदी निवळ आहे. तीन शब्द. बोलून पोट भरणारी बाई मी, आणि माझ्या तोंडून तीन शब्द निघाले नाहीत. तिने दोरा बाजूला करून गळ्याखालची जागा दाखवली. लाल ओरखडा पडला होता.

"टोचते हे. आधी नाई टोचे. गिरजा टोचून राह्यली का तुही खाच?"

"येतो मी," मी म्हणाले. "अष्टमीच्या आत येतो."

"ये," ती म्हणाली. ओरडली नाही, शिवी दिली नाही. तिने शिवी दिली असती तर मी सवाई शिवी दिली असती आणि गोष्ट मिटली असती. ती नुसती उठली आणि बसस्टँडकडे गेली.

शनिवारी मी दारव्ह्याला जाऊन मीराला कपाट उघडायला लावलं. डबी रिकामीच. पण तुम्ही प्रत्येक नाण्याखाली चिठ्ठी ठेवायच्या, राजाचं नाव, वजन, कुठे मिळालं ते. या डबीत कापसाखाली चिठ्ठी होती. तुमच्या अक्षरात: "गिरजा, किसनरावांची पहिली बायको. गाव घाटंजीकडे. मानेवरचा टोचा जुना, कोणाचा ते माहीत नाही. नाकावरची खाच कौसल्याची."

मीराने विचारलं, मावशी, हे काय? मी म्हटलं, तुझ्या आईचं अक्षर सुंदर होतं.

घरी येताना मला सगळा डाव कळला. तुम्ही मला सांगितलं असतं की टाक परत दिला, तर मी दुसऱ्याच दिवशी जीपमध्ये बसले असते. तुमचं तिच्याशी काय बोलणं झालं ते काढून घेतलं असतं आणि त्यावर बेतून नवं खोटं सांगून आले असते. छिन्नी खराब होती, उजेड कमी होता, माझीही फसगत झाली. तुम्हाला हे ठाऊक होतं. म्हणून माझ्याशी खोटं बोललात आणि तिला माझा शब्द देऊन आलात. चाळीस गावांत मला कोणी असं अडकवलेलं नाही. अकरा सराटे हरून घेणाऱ्या बाईने मला एका सौद्यात उचलून आपटलं.

पण एक वाद अजून बाकी आहे. टाक, ताईत, पितरांचं पान, यातलं तुम्ही काहीच मानत नव्हता. वर्गात पोरींना सांगायच्या, मेलेली बाई कोणाचं वाईट करत नाही, जिवंतांनाच सांभाळा. मग धापा टाकत त्या ओट्यावर जाऊन सवतीचा टाक तिच्या गळ्यात तुम्ही का घातलात? तो संग्रहालयात दिला असता तर काचेआड नाव लागलं असतं, मी सुटले असते, राजाचंही नाक सुरक्षित राहिलं असतं. मी हे तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही चहा ओतत काही तरी बोलला असता आणि मी चिडून उठले असते. आता चहा नाही, तर चिडूही कोणावर?

उद्या मी जाते. छिन्नी नेत नाही. नवी कोरी कानस घेतली आहे, तांब्याला, पितळेला, कशालाच न लागलेली. तुम्ही बजावलं होतं, जुन्या नाण्याचा एक कणही घासायचा नाही. मी घासणार आहे. तिच्या ओट्यावर, तिच्या पोरासमोर, खाचेची टोचणारी कड घासणार, आणि जो भुगा पडेल तो तिच्या तळहातावर ठेवणार. तो पांढरा असेल. मग सांगणार की किसनरावांनी चांदीच दिली होती, सोनारानेही चांदीच दिली होती, आणि खोटी फक्त मी होते. पुढे तिने माझ्या दुकानाचं काय करायचं ते करावं. माझं अक्षर वाकडं आहे, ते मीराने छापताना सरळ करावं. बाकी एक ओळ काढू नये.

किसनरावांचं चार वर्षांचं पान, गिरजाबाईचं नाव, राजाचं नाक, यांचा जबाब मी देते. पण तुम्ही माझा शब्द मला न विचारता दिलात. कपाटाचं खोटं सांगितलंत. "मी शेजारी बसते" म्हणालात, आणि उद्या त्या ओट्यावर माझ्या शेजारची जागा रिकामी असेल. याचा जबाब कोण देणार? मीराकडून मी घेणार नाही, शाळेकडून घेणार नाही. तुम्हीच द्यायचा, ताई. आणि यात घासाघीस नाही.